दोन्ही कार्डांवर ‘पाहिलं’

कोशाच्या कार्यालयात त्यांना सगळे बघूया म्हणत. तोंडावर बघूयाकाका, पाठीमागे नुसतंच बघूया. हजेरीपटावर त्यांचं चांगलं तीन शब्दी नाव होतं, पण ते कुणाच्या जिभेवर आलं नाही. चहा मागवू का, विचारलं की बघूया. खिडकी उघडू का, तरी बघूया. आणि म्हणताना मान अशी तिरकी हलायची, की उघडणाऱ्याला होकार वाटावा आणि वारा लागणाऱ्याला नकार. टाइपिस्ट मावशी त्यांची नक्कल झकास करत. बघूयांच्या घराला आग लागली तर बंबवाल्यांनाही आधी बघूयाच म्हणतील, असं आपलं माझं मत, असं त्या सांगत. मावशींचं प्रत्येक वाक्य ‘असं आपलं माझं मत’ने संपायचं. मग ते मत असो, नाहीतर घड्याळात वाजलेले साडेपाच असोत.

कोश इंग्रजी शब्दांचा होता. शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत द्यायचा आणि तो कुठून आला तेही सांगायचं. बावीस वर्षांत गाडी तिसऱ्या अक्षरापर्यंत आली होती. एका शब्दाला एक कार्ड. एकाने ते लिहायचं, दुसऱ्याने जाडजूड पुस्तकांतून ताडून खालच्या कोपऱ्यात ‘पाहिलं’ लिहून सही करायची. हा दुसरा म्हणजे बघूया. मग शनिवारी अकराला लांब टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं, आठवड्याची कार्डं मोठ्याने वाचायची. कुणाला काही खटकलं तर त्याने ‘थांबा’ म्हणायचं. कुणी नाही म्हटलं, तर मुख्य संपादक, म्हणजे सर, कार्ड खणात टाकत आणि विषय संपे.

बावीस वर्षांत बघूयांनी एकदाही ‘थांबा’ म्हटलं नव्हतं. चुका दिसत नव्हत्या असं नाही. सगळ्यांत जास्त त्यांनाच दिसत. घरी गेल्यावर नळाखाली पाय धुताना ते ‘थांबा’ म्हणत, पण तिथे ऐकायला नळच.

घर दोन खोल्यांचं. एक पलंग, एक टेबल, एक खुर्ची. खुर्च्या खरं तर दोन होत्या, पण एक शेजाऱ्यांनी पाहुणे आलेत म्हणून नेली. त्याला सात वर्षं झाली. पाहुणे गेले, पुन्हा आले, त्यांची मुलंही मोठी झाली. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडे आपली खुर्ची सरकल्याचा आवाज बघूया ओळखत आणि गप्प बसत.

लग्नाचंही तसंच झालं होतं. वहिनींनी स्थळ आणलं, मुलगी त्यांना मनापासून आवडली, आणि मुलीच्या वडिलांनी काय ठरलं विचारलं तेव्हा तोंडातून निघालं बघूया. त्या भल्या माणसाने आठ महिने वाट पाहिली. वहिनी अजून रविवारी फोनवर विचारतात, “काय भावजी, झालं का बघून?” त्या हसतात. मग तेही हसतात. फोन ठेवल्यावर मात्र हसायला दुसरं कुणी नसतं.

अशा माणसाच्या टेबलाशी कार्यालयात नव्याने लागलेली मुलगी, जिला सगळे नवीच म्हणत, येऊन बसली. ती वर्षभराच्या करारावर आली होती आणि डबा खायला दुसरीकडे जागा नव्हती, एवढंच. पण ती विचारायची आणि उत्तरासाठी अडून बसायची. बघूया ‘बघू’पर्यंत आले की पंजा वर करायची आणि एकेक बोट मिटत पाच मोजायची. पाचवं बोट मिटायच्या आत बघूया बोलून मोकळे होत. जेवणाच्या त्या अर्ध्या तासात ते इतकं बोलत, की त्यातच घसा बसायचा. हळूहळू ते डब्याबरोबर दोन चमचे आणू लागले.

एके दिवशी नवीच्या वाट्याला ‘कावर्ड’ आला. तिने अर्थ लिहिले: भ्याड, भेकड, पळपुटा. मग बघूयांनी काढून दिलेल्या तीन पुस्तकांत डोकं घालून मूळ लिहिलं. शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी आहे लॅटिनमधली शेपटी. घाबरलेलं जनावर शेपूट दाखवत पळतं, नाहीतर पायांत दडवतं, त्यावरून. जुन्या ढालींवर पायांत शेपूट घातलेला सिंह काढत, त्याच्या नावालाही हाच शब्द जोडत.

“काका, आपण शेपूट घातलं म्हणतो ना, अगदी तेच,” ती म्हणाली. “कुठले कोण लोक ते. पण त्यांनाही भित्रा माणूस मागूनच दिसला.”

बघूया मनापासून हसले. तिन्ही पुस्तकं पुन्हा ताडली आणि कोपऱ्यात ऐटीत ‘पाहिलं’ लिहिलं.

तीन दिवसांनी सरांनी त्यांना आत बोलावलं.  सरांचं प्रत्येक वाक्य ‘मुळात’ने सुरू व्हायचं. त्याच शब्दाचं एक कार्ड त्यांनी स्वतःच हौसेने लिहिलं होतं. मुळात काऊ म्हणजे गाय. मुळात गाय गरीब. गरीब ती भित्री. मुळात शब्द साधा आहे, लोक उगाच अवघड करून ठेवतात. असं सांगत त्यांनी टोपण काढलेलं पेन पुढे केलं.

याचं कार्ड आधीच झालंय आणि गाईचा इथे काही संबंध नाही, हे दोन्ही बघूयांच्या ओठांवर आलं. बाहेर पडलं ते एवढंच, की बघूया सर. सर म्हणाले, पाहून झालंच आहे, सही करा. त्यांनी केली.

एकाच शब्दाची दोन कार्डं झाली. एकात शेपूट, एकात गाय, आणि दोन्हीच्या कोपऱ्यात तेच ‘पाहिलं’, तीच सही. शनिवारला अजून दोन दिवस होते. दोन्ही दिवस डबा खाताना नवीला सांगायचं त्यांनी ठरवलं. दोन्ही दिवस ते हवेबद्दल बोलले.

शनिवारी नवीने कार्ड वाचलं. सर ‘मुळात’ म्हणाले आणि आपलं कार्ड काढून तिच्या कार्डाशेजारी ठेवलं. टेबलाभोवतीच्या माना आधी कार्डांकडे वळल्या, मग कोपऱ्यातल्या सह्यांकडे, मग बघूयांकडे. दोन्ही तुम्हीच पाहिलीत, तर खरं कुठलं, असं सरांनी विचारलं.  नवीने टेबलावर पंजा ठेवला आणि एकेक बोट मिटायला लागली.

पाचही मिटली.

“दोन्ही तशी... आपापल्या जागी...” बघूया म्हणाले.

मावशींना खोकला आला. सरांनी आपलं कार्ड खणात टाकलं आणि नवीला तिचं परत दिलं. मुळात तुमचा अभ्यास कच्चा आहे, म्हणाले. महिनाअखेरीस तिच्या कराराचा कागद निघाला तेव्हा त्यात हेच कारण होतं: शब्दांची मुळं मनाने लिहितात, तपासनीसालाही पाठिंबा देता आला नाही. करार वाढला नाही.

शेवटच्या दिवशीही ती त्यांच्याच टेबलाशी जेवली. मग विचारलं, “पुस्तकं तर तुम्हीच काढून दिली होतीत, काका.”

“वाटलं, सर रागावतील.”

“रागावलेच की. माझ्यावर.”

आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. तिने डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला आणि गेली.

त्यानंतर एक ते दीडचा जेवणाचा अर्धा तास संपता संपेना. बघूया घास बत्तीसदा चावून बघत, तरी वीस मिनिटं उरत. चार शनिवार असेच गेले. पाचव्या शनिवारी मावशींनी पहिलंच कार्ड हातात घेतलं आणि कुणीतरी ‘थांबा’ म्हणालं. मावशी दाराकडे बघायला लागल्या. त्यांना वाटलं, बाहेरून कुणी आलं.

बघूया उभे होते. काखेत तीन पुस्तकं, त्यांत कागदाच्या खुणा. खणातलं कार्ड चुकीचं आहे, त्या बाईंचं बरोबर होतं, आणि ते ठाऊक असून मी चुकीच्यावर सही केली, एवढं त्यांनी सांगितलं.  सरांनी चष्मा लावून दहा मिनिटं तिन्ही पुस्तकं वाचली. 

“मुळात हे बरोबर दिसतंय,” सर म्हणाले. “मग त्याच दिवशी नाही का सांगायचं? मी काय खातो तुम्हाला?”

त्यांनी आपलं कार्ड उभं फाडलं आणि पुढच्या शब्दाकडे वळले. बावीस वर्षं ज्याला बघूया भ्याले, ते पाव तासात आटोपलं, आणि कुणाचा चहाही गार झाला नाही. बघूयांनी विचारलं, त्या बाईंचं काय. सर म्हणाले, मुळात ती जागाच आता रद्द झाली.

दुपारी त्यांनी जिन्यात उभं राहून नवीला फोन लावला. ती आता एका औषधाच्या दुकानात होती, मागून माणसांचा गलका येत होता. त्यांनी सगळं सांगितलं. कार्ड पुन्हा लिहिलंय आणि लिहिणाऱ्याच्या जागी तिचं नाव घातलंय, तेही सांगितलं. ती म्हणाली, बरं झालं.

“चूक माझी होती,” ते म्हणाले.

“हो काका. तुमचीच होती.” मग ती कुणाला तरी म्हणाली, आले, एक मिनिट. आणि फोन बंद झाला.

 खालून मावशी वर येत होत्या. त्यांनी नक्कल केली नाही, अंग चोरून वाट दिली आणि कधी नव्हे ते नावाने हाक मारली, अहो-जाहो करून. बघूया वर गेले, आपल्या टेबलाशी बसले आणि डबा उघडला. एक वाजून दहा मिनिटं झाली होती.