तळ्याखालचं घर

लेस्टरला वृद्धांच्या वॉर्डात डॉक्टर असताना माझ्या हातून एक चूक झाली होती. ती वेळेत सुधारली, हे आठवलं की अजूनही हायसं वाटतं.

नव्वदीच्या एक अमेरिकन बाई खुब्याचं हाड मोडून आल्या होत्या. लग्न होऊन त्या इंग्लंडला आल्या, त्याला साठेक वर्षं झालेली. ऑपरेशननंतर दोन दिवस त्या खरंच भ्रमात होत्या. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुमचं लहानपणीचं घर कुठं होतं?"

"तळ्याखाली," त्या शांतपणे म्हणाल्या. "शाळाही तिथंच आहे."

मी नोट्समध्ये ‘अजून कन्फ्यूज्ड’ लिहिलं आणि पुढच्या बेडकडे वळले. तेवढ्यावरून त्यांना एकटं राहणं जमणार नाही, केअर होम बघावं, अशी बोलणी सुरू झाली.

त्यांची मुलगी स्कॉटलंडहून आली. मी तिला हे सांगितलं, तर ती चटकन म्हणाली,

"अहो, घर तळ्याखालीच आहे! टेनेसीत. धरण झालं आणि सगळं खोरं बुडालं. आई तेव्हा सहा वर्षांची होती."

दुसऱ्या दिवशी तिनं आईच्या कपाटातून नकाशा आणला. धरणाच्या कितीतरी आधीचा, घड्यांवर चिकटपट्टी लावलेला. आम्ही शाळेत भूगोलात काढायचो तशा तपकिरी समोच्च रेषा, निळा ओढा आणि प्रत्येक घरासाठी एक बारीक काळा चौकोन.

तरी मला खात्री हवी होती. बाईंना दिसणार नाही असा नकाशा धरून मी विचारलं, "शाळेतून घरी कशा जायचात?"

"ओढ्याच्या कडेनं. मग पूल. पुढं चर्च. तिथं रस्ता फुटतो, डावीकडचा आमचा. दुसरं घर."

माझं बोट ओढ्यावरून पुलावर, चर्चवरून डावीकडे गेलं. दुसरा चौकोन होता.

"माफ करा," मी म्हणाले. "तुम्ही खरं तेच सांगत होतात."

"मला वाटलं, कुठलं तळं, म्हणून तुम्ही विचाराल. तुम्ही तर लिहायलाच लागलात."

मी शरमले. मग स्मरणशक्तीची टेस्ट नीट घेतली. ती उत्तम झाली. नोट्समध्ये माझी चूक स्पष्ट लिहिली. सकाळ-संध्याकाळ मदतीला केअरर यायची ठरली आणि पुढच्या गुरुवारी बाई स्वतःच्या घरी गेल्या. कॉरिडॉरमध्ये मुलगी आधी रडली, मग हसली.

एरवी मी उभ्यानंच काहीतरी पोटात ढकलते. त्या दिवशी कँटीनमध्ये बसून सावकाश जेवले.