एका पेटीची काच

आमच्या घरात पळायला बंदी होती. खोली एकच, आणि तिच्या दोन भिंतींना काचेचे ताव टेकवून ठेवलेले. वडील, म्हणजे नाना, खिडक्यांना काचा बसवायचे. म्हसावदपर्यंत सायकलने, धडगावला जीपने. घाटाच्या वळणांवर काच दोन गुडघ्यांत उभी धरून. जीपवाला म्हणायचा, "नाना, तुन्ही काच फुटनी ते मन्ही सीट फाटी जाई." नाना म्हणायचे, "सीट फाटी, मन्ह्या मांड्या नई का?" सगळे हसायचे. मांड्यांवरचे व्रण मी पाहिलेत, म्हणून मला हसू यायचं नाही.

पावसाळ्यात काम बंद. माय निंदणीला जायची आणि नाना खाटेखालचे उरलेले तुकडे काढून, पुसून, पुन्हा बांधून ठेवायचे. प्रत्येक गठ्ठ्याला वेगळ्या कापडाची चिंधी.

मी रसायनशास्त्रात पदवी घेतली. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. नोकऱ्या मिळाल्या त्या टिकल्या नाहीत. मग पुण्यात काही आठवडे राहून काच वितळवून जोडायचं काम शिकले: काचेचे दोन थर, मध्ये तांब्याच्या पत्र्याचं कापलेलं पान, विजेच्या भट्टीत एकजीव करायचं आणि साच्यावर ताटलीचा आकार द्यायचा. जुनी भट्टी आणली. ऑर्डरी एक-दोन, एक-दोन अशा यायच्या.

त्या वर्षी नाना घाटात जीपमधून उतरताना पडले. काच वाचवली, खांदा गेला. तरी महिन्याभरात पुन्हा निघाले. मी अडवलं तर म्हणाले, "तुन्हं काम कायमनं व्हवू दे, मंग मी बसस घर."

आणि नाशिकच्या एका हॉटेलवाल्या बाईंची ऑर्डर आली. चोवीस ताटल्या. चांगल्या निघाल्या तर दर महिन्याला घेईन, म्हणाल्या.

मी कामाला लागले. आधी खोली आवरली. ताटल्यांना काच खाटेखालचीच वापरायची होती, म्हणून ते गठ्ठे सोडले, तुकडे जाडीप्रमाणे आणि आकाराप्रमाणे खोक्यांत लावले. चिंध्या जाळल्या. मला वाटलं, आता कुठे हा कारखाना दिसतोय.

पहिल्या सहा ताटल्या भट्टीतून सुरेख निघाल्या. तिसऱ्या दिवशी फळीवर ठेवलेल्यांपैकी एक टक्क करून तडकली. संध्याकाळपर्यंत चार गेल्या. मी भट्टीचं तापमान तपासलं, थंड करायचा वेळ वाढवला, पुन्हा सहा केल्या. त्यातल्या पाच गेल्या. नाना दारात बसून बघत होते. एक तुकडा उचलायला त्यांनी हात पुढे केला, तर मी म्हणाले, "नाना, हे खिडकीचं काम नाही. तुम्हाला ते कळणार नाही."

भांडताना मी कॉलेजची मराठी काढते.

"व्हय पोरी," ते म्हणाले, "तू शिकेल शे." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नुसतीच बसले होते. भट्टी लावायचंही बळ नव्हतं. नाना फुटकी ताटली घेऊन उन्हात उभे होते, कड डोळ्यांजवळ धरून.

"हाई हिरवी देख. आनि हाई निळी. दोन पेटीसनी काच शे. यासनं जमत नई." मग हळूच, "चिंध्या कोठे गयात?"

"जाळी दिध्यात," मी म्हणाले.

त्यांनी ताटली खाली ठेवली. तेव्हा मला कळलं. एक चिंधी म्हणजे कारखान्यातून आलेली काचेची एक पेटी. कुणाची खिडकी फुटली तर त्याच पेटीतली काच लागते, नाहीतर उन्हात ठिगळ दिसतं, म्हणून त्यांनी सगळं वेगळं बांधलं होतं. वेगळ्या काचा थंड होताना सारख्या आकसत नाहीत, एवढं मी पुस्तकात शिकले होते. परीक्षेत लिहिलंही होतं.

पाच दिवस नाना अंगणात बसून तुकड्यांच्या कडा बघून पेटीवार ढीग लावत होते. डाव्या हातानेच, उजवा खांदा उचलत नव्हता. ऊन कललं की थांबायचे, डोळ्यांवर पाणी मारायचे. मी हिरकणीने काच कापत होते. माय जुनी लुगडी फाडून नव्या चिंध्या करून देत होती.

प्रत्येक ढिगाची आधी एक पट्टी भाजून बघितली, मग ताटल्या. चोवीस आणि वर दोन. त्या फळीवर मांडल्या आणि आठ दिवस तशाच ठेवल्या. भांडं वाजलं तरी मी वळून बघायचे. नाना खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेले असायचे, पण झोपलेले नसायचे.

एकही तडकली नाही.

ताटल्या नाशिकला पोचल्या, शाबूत. पुढच्या महिन्याची ऑर्डर आली, त्याच्या पुढचीही. नाना आता काच घेऊन घाट चढत नाहीत.