समासातली पेन्सिल

वाचनालयातून आणलेल्या कादंबरीतली बाई एक दिवस लग्नातला शालू बोहारणीला देऊन टाकते आणि दुसऱ्या दिवशी गॅसवर दूध ठेवून घराबाहेर पडते, ती कायमचीच. कारण लेखक सांगत नाही. डोकं फिरलंय हिचं, म्हणत मी पान उलटणार, तेवढ्यात समासात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं : ‘बरं केलंस.’

अक्षर आमच्या लोणच्याच्या बरणीवरच्या चिठ्ठीसारखं वाटलं. पुस्तक बायकोनेच आधी वाचलं होतं. विचारायचा धीर झाला नाही. कादंबरीतल्या बाईचा अर्थ लावणं सोपं. तिचा नवरा आपण नसतो.

आज सकाळी बायकोने दूध तापत ठेवलं, चपला घातल्या. “दूध बघा हो, मी आलेच.”

दूध उतू गेलं. मी दाराकडे बघत होतो.