उत्तरार्धात मनीषा का थांबली

हे मी आजवर कुणापाशी उच्चारलेलं नाही. आईपाशी नाही, माझ्या प्राध्यापकांपाशी नाही, आणि जिला मी सगळं सांगते असा माझा समज आहे त्या मैत्रिणीपाशीही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — किंवा कदाचित ओळखतही असाल. नाशिकमध्ये तरुण खेळाडूंच्या थकव्यावर बोलायला हल्ली मला बोलावतात. तुम्ही एखाद्या वेळी समोर बसला असाल, टाळ्याही वाजवल्या असतील.

मी शरीरक्रियाशास्त्र शिकले. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मला प्रत्यक्ष खेळाडूंवर काम करायचं होतं, म्हणून मुलींच्या एका फुटबॉल संघात विनावेतन रुजू झाले. सतरा-अठरा वर्षांच्या मुली. निम्म्या शहरातल्या, निम्म्या पेठ-हरसूलकडच्या आदिवासी पाड्यांतल्या, वसतिगृहात राहून शिकणाऱ्या. सराव सुरू होण्यापूर्वी त्यांची नाडी मोजायची, झोप विचारायची, कोण किती धावली ते मनगटावरच्या घड्याळातून संगणकावर घ्यायचं — हे माझं काम. प्रशिक्षकांना सगळे ‘सर’ म्हणत. सर अनुभवी होते, पण आकड्यांच्या बाबतीत माझ्यावर पूर्णपणे विसंबून असत. मला ते आवडायचं. फार आवडायचं.

या संघाचं काही सांगता येत नसे. एका रविवारी पुण्याच्या तगड्या संघाला हरवायच्या आणि पुढच्या रविवारी कुणाही सोम्यागोम्याकडून हरायच्या. त्यामुळे सामना संपला की मैदानाबाहेरच्या चहाच्या गाडीवर प्रेक्षकांची बैठक बसे. तिला ते ‘पंचनामा’ म्हणत. अध्यक्षस्थानी गायकवाड काका — एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले, आवाज अजून टर्बाइनच्या वर चढवलेला. कुणी दमलेली दिसली की म्हणायचे, “अरे, वयच काय यांचं! या वयात आम्ही डबल ड्युटी करून कबड्डी खेळायचो.” हेच काका घरून उकडलेली अंडी आणून मुलींच्या हातात कोंबत. ही वाईट माणसं नव्हती, हे आधीच सांगून ठेवते. पुढे जे घडलं त्याचा दोष मला त्यांच्यावर जाऊ द्यायचा नाही.

मनीषा हरसूलच्या बाजूची. डावीकडून खेळायची. तिच्या धावण्यात मला एक दुर्मिळ गोष्ट दिसत असे — शेवटच्या दहा मिनिटांतही तिचा वेग फारसा उतरत नसे. पुण्याच्या संघाविरुद्ध दोन्ही गोल तिचेच. काकांनी त्या दिवशी साऱ्या गाडीला चहा पाजला होता.

त्याच आठवड्यात ती माझ्याकडे आली. शुक्रवारी घटस्थापना होती, रविवारी उपांत्य सामना. तुम्ही इकडचे असाल तर तुम्हाला ठाऊक आहे — घट बसायच्या आधी गावोगावची पोरं सप्तशृंग गडावरून ज्योत आणतात. पुढे ज्योत, मागे टेम्पो, आणि पाळीपाळीने अनवाणी धावणं. मनीषाच्या गावात त्या वर्षी पहिल्यांदाच मुलींना धावू देणार होते.

“ताई, पळू का मी?” तिने विचारलं. “सरांना नाय विचारलं. सर नायच म्हणतील. तुम्हाला तर समजतं ना शरीराचं?”

आता थांबते क्षणभर — कारण तुम्हाला वाटेल की मी तेव्हा घाईत होते, माझं लक्ष नव्हतं. तसं नव्हतं. मी तिला खुर्चीवर बसवलं. कागदावर आकृती काढून दाखवली की श्रमानंतर स्नायूंमधला साखरेचा साठा कसा भरून येतो. मध्ये एक अख्खा दिवस आहे, म्हणाले. पाळीपाळीने धावायचं आहे, सगळं अंतर तुला एकटीला थोडंच कापायचं आहे? पळ. ती इतकी हसली की तिच्या मैत्रिणी दारातून डोकावल्या.

जेवणाबद्दल मी तिला विचारलं नाही. तो साठा अन्नातून भरतो, आणि घट बसले की नऊ दिवस ती उपवास धरणार, हे मला कळायला हवं होतं. माझ्या स्वतःच्या घरात घट बसतात. आई नऊही दिवस भगर आणि शेंगदाण्याच्या आमटीवर असते. तरी माझ्या त्या नेटक्या आकृतीत उपवासाला जागा नव्हती. डांबरी रस्त्यावरच्या उघड्या तळव्यांनाही नव्हती. ही चूक अज्ञानाची म्हणता येईल का? मी बराच काळ तसं म्हणून पाहिलं.

पण रविवारच्या सकाळचं काय करू?

सामन्यापूर्वी मी नेहमीप्रमाणे सगळ्यांची नाडी पाहिली. मनीषाची नाडी बसल्या जागी नको तितकी जलद होती. नवरात्रात पायात काही घालायचं नाही, हे व्रत तिने फक्त बुटांपुरतं मोडलं होतं, आणि बूट चढवताना तिने ओठ घट्ट दाबून धरले. मी पाहिलं. आमची नजरानजर झाली. ती म्हणाली, “जमंल ताई.” मी सरांकडे जाऊन एवढंच म्हणायला हवं होतं — आज हिला बसवा. त्यावर सरांनी विचारलं असतं, का? मी गेले नाही.

पूर्वार्ध तिने कसाबसा खेळून काढला. उत्तरार्धात ती थांबू लागली. चेंडू तिच्यापासून दोन हातांवरून जायचा आणि ती नुसती बघायची. अखेरीस समोरची मुलगी तिच्या शेजारून निघून गेली, मनीषाने पाऊलसुद्धा उचललं नाही, आणि गोल झाला. आम्ही हरलो. ज्यांना आम्ही महिन्यापूर्वी सहज हरवलं होतं, त्यांच्याकडून.

पंचनामा त्या दिवशी चहा यायच्या आधीच सुरू झाला.

“मागच्या रविवारी वाघीण, आज मांजर!”

“दोन गोल काय मारले, डोक्यात हवा गेली पोरीच्या.”

“उभी होती राव, नुसती उभी! बसची वाट बघत होती का?”

लोक हसले. सर गाडीला टेकून उभे होते. ते हसले नाहीत. मनीषा जवळच्या पायरीवर बसून बूट काढत होती, आणि तिला सगळं ऐकू येत होतं. मग काका माझ्याकडे वळले. “मॅडम, तुम्ही सांगा. तुमचं विज्ञान काय म्हणतंय? पोरगी दमली होती का?”

किती सोपा प्रश्न होता! उत्तर एका शब्दाचं. आणि ते देण्यासाठी यांच्याहून मायाळू श्रोते मला मिळाले नसते, कारण गायकवाड काका स्वतः दर वर्षी गडावर पायी जातात. मुलगी ज्योत घेऊन धावली आणि तशाच पायांनी खेळली, हे त्यांना कळलं असतं तर त्याच गर्दीने तिला खांद्यावर घेतलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, अरे पण हिला पळू कुणी दिलं? आणि पंचनामा माझा झाला असता. सरांसमोर. सरांच्या शिफारशीवर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

मी म्हणाले, “शारीरिक कारण दिसत नाही. आकडे ठीक आहेत. काही खेळाडूंचं मन दडपणाखाली टिकत नाही.”

अगदी याच शब्दांत. शांतपणे, शुद्ध भाषेत. खोटं बोलताना माझी वाक्यं अधिक व्यवस्थित होतात, हे मला त्या दिवशी समजलं.

मनीषाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती बोलेल — ताईंनीच सांगितलं होतं पळ म्हणून. ती उठली. बूट हातात घेऊन अनवाणी बसकडे गेली. मी कित्येक दिवस असं मानत होते की तिने मला वाचवलं. तिच्या मोठेपणाचं ओझं वाहणंही एक प्रकारे सुखाचंच असतं, नाही का?

पुढच्या आठवड्यात निवड चाचणीसाठी नावं पाठवायची होती. सरांनी मला विचारून मनीषाचं नाव वगळलं. विचारून — म्हणजे मला आणखी एक संधी देऊन. दिवाळीनंतर ती वसतिगृहात परतली नाही. सर म्हणाले, इकडच्या मुली अशाच अध्येमध्ये सोडून जातात. मी मान डोलावली. त्यांच्या शिफारशीवर मला संशोधनाची जागा मिळाली.

यंदा हिवाळ्यात कामानिमित्त हरसूलला गेले होते. आठवडे बाजाराचा दिवस होता. गर्दीतून कुणीतरी हाक मारली, “ताई!” — मनीषा. खांद्यावर पिशवी, सोबत धाकटी बहीण. तिने माझे दोन्ही हात धरले. बहिणीला म्हणाली, “या आमच्या ताई. लय हुशार. यांनी सांगितलेलं कधी चुकत नाय.” आश्रमशाळेच्या मुलींना संध्याकाळी ती फुटबॉल शिकवते, असं तिने सांगितलं. स्वतः खेळत नाही. मी विचारलं, का गं?

“माझं मन कच्चं हाय ना, ताई. तुम्हीच नाय का ओळखलं? मला तर वाटलं होतं ज्योतीमुळं पाय गळाले. पण तुम्ही म्हणलात आकडे ठीक हायेत, तेव्हा समजलं — माझ्यातच कमी हाय.”

तिने मला वाचवलं वगैरे काही नव्हतं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला होता. स्वतःच्या फोड आलेल्या पायांपेक्षा जास्त.

त्या बाजारात, दिवसाढवळ्या, तिचे हात माझ्या हातांत असताना, मला एक वाक्य बोलायचं होतं. मी तिच्या बहिणीला विचारलं, तू कितवीत आहेस. ती म्हणाली, नववीत. मी छान म्हणाले आणि गाडीत येऊन बसले.

मनीषा आजही तेच खरं मानते.