लाल दिव्याचा जबाब

लालबागच्या एका फोटो स्टुडिओतली डार्करूम निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही.

तिथल्या कपाटातून महागडा कॅमेरा चोरीला गेला होता. मालकाचा तिशीतला भाचा स्वतःहून आमच्या पोलीस ठाण्यावर आला. "साहेब, आमच्या कारागिरानेच उचलला. तो आत फिल्म धुवायच्या डब्यात भरत होता. मी पडद्याआडून बघितलं. लाल उजेडात त्याने कॅमेरा पिशवीत टाकला." जबाब नोंदवून मी कारागिराला चाळीतून जीपमध्ये आणलं. सगळी चाळ गॅलरीत उभी होती.

चौकशीत तो एकच सांगत राहिला. "मी लग्नाची फिल्म भरत होतो. कपाटाला हात नाय लावला. उद्या पोरीला बघायला पाहुणे यायचेत, साहेब."

"सगळे असंच म्हणतात," हवालदार म्हणाला.

पण कॅमेरा त्याच्या घरी सापडला नव्हता. पंचनाम्यासाठी मी पंचांसह सर्वांना डार्करूममध्ये नेलं आणि मालकाला म्हटलं, "फिल्म कशी भरतात ते करून दाखवा."

त्याने दार लावलं, पडदा ओढला आणि लाल दिवा बंद केला. मिट्ट काळोख.

"अहो, तो दिवा राहू द्या."

"तो कागदावर फोटो छापताना, साहेब. फिल्म भरताना तोही चालत नाही. लावला तर सगळी फिल्म काळी..."

मालक थांबला. कुणाचाच चेहरा दिसत नव्हता. मग त्याचा आवाज आला, "अरे, मग तुला दिसलं कसं?"

मालकाने पांढरा दिवा लावला आणि भाच्याकडे पाहिलं.

कारागिराने भरलेली लग्नाची फिल्म धुऊन तारेवर चिमट्याने टांगलेली होती. एकही फ्रेम खराब नव्हती. संध्याकाळी भाच्याने कबुली दिली आणि कॉटन ग्रीनला मित्राकडे ठेवलेला कॅमेरा काढून दिला. लाल उजेडात काम चाललेलं त्याने अनेकदा पाहिलं होतं, तेच त्याने जबाबात घातलं. खोटा जबाब बहुधा खऱ्याच गोष्टींचा असतो, फक्त भलत्या जागी बसवलेल्या. पुढे मी साक्षीदाराला काय दिसलं याआधी कुठल्या उजेडात दिसलं, ते विचारू लागलो.

कारागिराला म्हटलं, "जा, तुम्ही मोकळे."

तो हलला नाही. "चालत नाय जाणार. जीपमधून आणलात ना? तसंच नेऊन सोडा."

"जीप काय फिरायला आहे?" हवालदार खेकसला.

मी स्वतः त्याच्यासोबत गेलो. गॅलऱ्या पुन्हा भरल्या. अंगणात उभं राहून मोठ्याने सांगितलं, "चोर दुसरा निघाला. यांचा काही संबंध नाही."

"मी म्हटलंच होतं!" वरून एक बाई म्हणाल्या. सकाळी त्या काहीच बोलल्या नव्हत्या.

माणसाला नेताना जेवढे लोक बघतात, तेवढ्यांनी त्याला परत येतानाही बघायला हवं. असा नियम कुठे लिहिलेला नाही. मी मात्र शेवटपर्यंत पाळला.