ओट्यावरचे लाल ठिपके

आज शनिवार, सकाळी साडेदहा. मरीन परेड भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकघराचा ओटा बसवत होतो. दगडाच्या स्लॅबवर लाल ठिपके दिसले. मला वाटले, गंज आहे. स्लॅब परत गेला तर माझी नोकरी जाईल, या धास्तीने मी एक ठिपका ग्राइंडरने घासून काढला. तिथे खड्डा पडला.

घरमालकीण पुण्याच्या, भूगर्भशास्त्र शिकवतात. त्या धावत आल्या. "अरे, थांब! गंज नाही, गार्नेट आहे ते, लाल खनिजाचे खडे!"

मग त्यांनी समजावले. डोंगर तयार होताना जमिनीचा एक थर दुसऱ्यावर रेटला जातो. खालचा दगड खोल गाडला जातो, तापतो आणि न वितळताच बदलतो. त्यात हे खडे वाढतात. पुढे जमीन उचलली जाते, वरचा डोंगर झिजतो आणि तो दगड उघड्यावर येतो.

"एवढं सगळं सोसून वर आला, आणि गाठ पडली तुझ्याशी!"

"मॅडम, खड्ड्याचं काय?"

"त्यावर मिठाची बरणी ठेवीन. सुपरवायझरला मात्र तूच सांग."

मी सुपरवायझरला खड्ड्याचा फोटो पाठवला आहे. अजून उत्तर आलेले नाही. बरणीखाली खड्डा कुणालाच दिसला नसता. तुम्ही फोटो पाठवला असता का?