मिर्टालेची घागर

दिफिलोसची घागर गळत नाही, हे अथेन्सच्या कुंभारवाड्यात सगळ्यांना ठाऊक होतं. तीस वर्षांत एकही परत आली नव्हती.

त्याची मुलगी मिर्टाले तापाने गेली. हिवाळ्यात तिचं लग्न व्हायचं होतं.

लग्नाआधी नवरीला झऱ्याच्या पाण्याने न्हाऊ घालतात, उंच मानेच्या घागरीतून. मुलगी त्याआधीच गेली तर तशीच घागर तिच्या थडग्यावर रोवतात. फक्त तिला बूड नसतं. ओतलेलं पाणी थेट मातीत, मुलीपर्यंत जातं. हे न्हाण राहिलं तर पोर खाली पारोशीच राहील, एवढंच दिफिलोसच्या डोक्यात होतं.

दुसऱ्यांच्या मुलींसाठी अशा घागरी त्याने कितीतरी केल्या होत्या. या वेळी तो चाकावर बसला आणि हातांनी आपोआप बूड लावलं. ती त्याने मोडली. दुसरीलाही लावलं. तिसरी त्याने तशीच भाजली आणि मुलगी गेल्याच्या एकोणतिसाव्या दिवशी आव्यातून काढली. इतकी नीट घागर त्याच्या हातून कधी झाली नव्हती.

शेजारचा कुंभार सोस्तास आला. त्याने घागर उलटी करून टिचकी मारली.

"दादा, हिला बूड आहे."

"आहे."

"उद्या तिसावा. घागर उद्याच रोवायची."

"माहीत आहे."

"माझी एक घेऊन जा. माझ्या तर बूड असूनही गळतात."

दिफिलोस हसला नाही. चुलीपाशी जाऊन बसला. जेवणाआधी वाइनचा पहिला घोट चुलीतल्या देवीला द्यायचा, हे काम मिर्टालेचं होतं. लहान असताना तिने विचारलं होतं, "बाबा, सगळे देव वर गडावर. हीच एकटी इथे. हिला धूर नाही का लागत?"

"लागतो. पण भाकरी इथेच भाजते ना."

महिनाभर चुलीला कुणी काही दिलं नव्हतं.

सोस्तास दारातच उभा होता. "लोकांना तूच सांगायचास, दादा. साठवणारीने साठवावं, सोडणारीने सोडावं. आपापलं काम नीट केलं की देवाला आणखी काय हवं? दे इकडे, मी फोडतो. मला वाईट भांड्यांची सवय आहे."

"हात लावू नकोस."

दिफिलोसने घागर मांडीवर पालथी घेतली. बुडावर छिन्नी ठेवली आणि हलक्या हाताने ठोकू लागला. एक घाव जोरात बसता तर सगळी घागर गेली असती. अंगणातलं ऊन भिंतीवर चढेपर्यंत तो ठोकत होता. बूड आत पडलं तेव्हा कड कुठेही तडकलेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्याने झऱ्याचं पाणी आणलं. थडग्यावर घागर रोवली आणि ओतलं. बाहेर थेंब सांडला नाही. सगळं खाली गेलं. सोस्तासने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग तो आपल्या घराकडे निघाला.

दिफिलोसने घरी येऊन वाटीत वाइन ओतली. पहिला घोट चुलीत टाकला. निखारा चर्र झाला. धुराने डोळे चुरचुरले. त्या धुराबद्दल विचारणारं घरात कुणी नव्हतं.